काट्यावरचं छप्पर

११ जानेवारी

टायरवाल्याने यंदाही डायरी पाठवली. ट्रक यायचे बंद होऊन दोन वर्षं झाली, पण त्याच्या यादीतून माझं नाव कोणी काढलेलं नाही. कोरी डायरी फेकवत नाही, म्हणून लिहितेय. शाळा सहावीपर्यंत. शुद्धलेखन कोणाला तपासायचं असेल त्याने स्वतःचं तपासावं.

सकाळी भावाचा फोन. बारकीला तुझ्याकडे पाठवतोय म्हणाला. मी म्हटलं, पाठवतोयस म्हणजे काय, पार्सल आहे का. तो हसला नाही. माझ्या फालतू विनोदालाही हसणारा माणूस, तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय.

बारकी म्हणजे त्याची धाकटी मुलगी, माझी भाची. आर्किटेक्ट आहे. तिने स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम म्हणजे बसथांब्याची शेड. वादळात त्या शेडचं छप्पर उडालं आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायावर पडलं. पाय मोडला. म्हातारा आता काठी घेऊन चालतो. चौकशी झाली, ठेकेदाराने आखूड बोल्ट वापरले असं निघालं, हिच्यावर काही आलं नाही. तरी हिने ऑफिस सोडलं आणि तेव्हापासून पेन्सिल हातात धरत नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्याकडे येऊन तिने एक रेघ ओढली तरी मला पुरे."

मी म्हटलं पाठव. छप्पर उडालं तर दुसरं घालायचं, त्यात घरात बसून राहण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. पण तेवढं मी बोलले नाही.

१४ जानेवारी

बारकी काल आली. वजन घटलंय. मला नुसतं बघून कळतं, जन्म त्यात गेला. ह्या खिंडीत वजनकाटा माझा. घाट चढून आलेले ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे, मी केबिनच्या खिडकीतून आकडा ओरडायचे, चिठ्ठी फाडायचे, पुढचा. सगळे मला काटेबाई म्हणायचे. मग डोंगरातून बोगदा काढला आणि आठवड्याभरात रस्ता ओस पडला. पहिल्या दिवशी सकाळी बाहेर आले तर कानात काहीतरी बिघडलंय असं वाटलं. मग कळलं, शांतता आहे. इतकी वर्षं ती इथेच असणार, ट्रकांखाली दबलेली.

बारकीला हे सांगितलं. ती म्हणाली, छान आहे. बाकी काही बोलत नाही.

रात्री केबिनमध्ये तिची गादी घातली. सकाळी गादी रिकामी, पोरगी अंगणात स्वतःच्या गाडीत, सीट मागे पाडून झोपलेली. मी घोरते, त्यामुळे असणार. माझा नवरासुद्धा वैतागायचा, पण तो निदान तोंडावर बोलायचा.

१७ जानेवारी

अजून गाडीतच झोपते. घोरण्यावर काही औषध असेल तर विचारायला हवं.

२२ जानेवारी

आज एक बाई सायकलवरून घाट चढून आली.

हल्ली सायकलवाले येतात अधूनमधून. ट्रक नाहीत म्हणून त्यांना हा रस्ता आवडतो. मला ते रिकामटेकडे वाटायचे. पण ही बाई माझ्या वयाची. केस माझ्यापेक्षा पांढरे. मागे दोन्ही बाजूंना बॅगा. दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली आणि दुसऱ्याच दिवशी निघाली म्हणाली. मी विचारलं, घरचे काय म्हणाले. तर म्हणाली, अजून म्हणतायत, फोनवर.

मला काय वाटलं कोण जाणे, तिला म्हटलं सायकलसकट काट्यावर उभ्या राहा. बाई, सायकल, बॅगा, सगळं. खिडकीत जाऊन बघितलं. माझी तबकडी टनांची. त्यावरचा काटा केसाएवढा सरकला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. केसाएवढाच.

ह्या चढावर ट्रक धापा टाकत यायचे. वाफा निघायच्या, ड्रायव्हर शिव्या घालायचे, रेडिएटरला पाणी पाजून पाजून आमची टाकी रिकामी व्हायची. आणि हे केसभर वजन स्वतःच्या पायांनी इथवर आलं, वर येऊन विचारतंय, चहा मिळेल का. मी चहा ठेवला, पण माझं लक्ष चहात नव्हतं.

राहायला जागा नाही म्हणून केबिनमधला बाक दिला. सायकल बाहेर ठेवा म्हटलं तर म्हणाली, "नवरा एकवेळ बाहेर झोपेल, ही नाही." सायकल आत घेतली आणि बाकाला टेकवून उभी केली.

बारकी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मग हळूच एकेक विचारायला लागली. वर पोचल्यावर आधी काय लागतं, थंडी कधी वाजते, ओल्या कपड्यांचं काय करता. नर्सबाई सांगत गेली. चढताना अंग घामाने भिजतं आणि खिंडीतला वारा लागला की दात वाजायला लागतात. आधी वाऱ्याला आडोसा हवा, मग बसायला काहीतरी, मग बाकीचं. अलीकडच्या गावापासून पलीकडच्या गावापर्यंत काहीच नाही, त्यामुळे अंधार पडायच्या आत उतरायची घाई होते, आणि घाईत माणसं पडतात.

बारकीला इतकं बोलताना मी ती आल्यापासून ऐकलं नव्हतं.

२३ जानेवारी

नर्सबाई सकाळी गेली. बारकी अंगणात काट्याच्या प्लॅटफॉर्मवर टेप लावून मोजत होती. मी खिडकीतून बघितलं आणि बाहेर गेले नाही. बाहेर गेले असते तर काहीतरी बोलले असते.

भावाला फोन करून सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, खरंच टेप होता का.

५ फेब्रुवारी

सायकलवाल्यांचं एक मंडळ आहे. बारकीने त्यांना लिहिलं, त्यांनी लोखंड आणि पत्रे देऊ म्हणून कळवलं. जागा माझी. तेव्हा विश्रांतीची जागा आणि रात्रीचा निवारा काट्यावर होणार, हे ठरलं. आता रोज भांडणं.

मी म्हटलं मोठा दरवाजा कर, वर स्लॅब टाक, सायकलींसाठी बाहेर साखळी लावून स्टँड. ती म्हणते सायकल माणसाच्या उशाशी. मी म्हटलं गोठा आहे का. ती म्हणाली, त्या बाई कशा झोपल्या ते तू बघितलंस. बघितलं होतं. हात चाकावर ठेवून झोपली होती.

ती म्हणते, वाऱ्याच्या बाजूला जाड भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच आतला दिवा दिसेल. झोपायला भिंतीला धरून लाकडी ओटे. ओटा गुडघ्याएवढाच उंच, कारण इथवर आलेल्या माणसाचे पाय वाकत नाहीत. शेगडीचा धुराचा पाइप भिंतीलगत लांब फिरवून मग बाहेर, त्यावर ओले कपडे आणि बूट. मला आधी हे सगळे लाड वाटले. मग मी केबिनमधल्या शेगडीच्या पाइपाजवळ बसून माझे स्वतःचे पायमोजे कसे वाळवते ते आठवलं आणि गप्प बसले.

काढते आणि खोडते. टेबलाखाली खोडरबराचा केर पडलेला असतो. मी झाडते.

१२ फेब्रुवारी

सगळं काढून झालं. भिंत, ओटे, शेगडी, मोरी, सायकली टेकवायच्या खुंट्यासुद्धा. वर काहीच नाही. मी म्हटलं, बारके, छप्पर विसरलीस.

विसरले नाही म्हणाली आणि उठून गाडीत जाऊन बसली.

१३ फेब्रुवारी

भावाला सांगितलं. तो म्हणाला, ताई, ती आमच्या घरीही वरच्या मजल्यावर पत्र्याखाली झोपायची नाही, सोफ्यावर झोपायची. अगं, ती पत्र्याला घाबरते.

म्हणजे घोरण्याचा प्रश्न नव्हता. माझ्या केबिनवर पत्रा आहे. महिनाभर मी पाठ वर करून झोपत होते, नाकात तूप घालत होते.

मी खूप विचार केला. भीती ही मला न जमणारी गोष्ट आहे. ब्रेक निकामी झालेला ट्रक मी समोरून येताना बघितलाय, तेव्हा भ्यायलासुद्धा वेळ नव्हता. पण ही पोरगी बसून भिते, कामासारखी.  शेवटी संध्याकाळी एवढंच म्हटलं, छपराशिवाय हे सगळं न्हाणीघर आहे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

१६ फेब्रुवारी

आज मी एक चमत्कार बघितला. ती चमत्कार नाही म्हणते.

मी विचारलं, मोठा पत्रा उडतोच कसा, वारा तर बाजूने येतो. तिने वहीच्या कागदाची पट्टी फाडली, एक टोक खालच्या ओठाशी धरलं. पट्टी खाली लोंबत होती. म्हणाली, आता मी वरून फुंकर मारणार, काय होईल? मी म्हटलं, खाली जाईल. तिने फुंकर मारली. पट्टी वर आली. सरळ ताठ, वाऱ्यात धरल्यासारखी.

मी तिच्या हातातून घेतली. स्वतः मारली. वर आली. हळू मारली, जोरात मारली, दुसरा कागद घेतला. वरच येते. फुंकून फुंकून मला चक्कर आली, तिने पाणी दिलं.

म्हणाली, वारा छपरावरून वेगाने गेला की छप्पर वर खेचलं जातं. दाबलं जात नाही. म्हणून छप्पर नुसतं ठेवायचं नसतं, खाली बांधायचं असतं.

इतकी वर्षं वाऱ्यात काढली आणि वारा काय करतो ते मला ठाऊक नव्हतं. रात्री आडवी झाल्यावर अंधारात तोंडाशी रुमालाचा कोपरा धरून पुन्हा एकदा फुंकून बघितलं.

आणि हे सांगता सांगता तिने कागद ओढून छप्पर काढलं. एका दमात. मी हललेसुद्धा नाही.

१० मार्च

काम सुरू. खालच्या गावातला वेल्डर आलाय. तोंड बंद ठेवता येत नाही त्याला, वेल्डिंग करताना मास्कच्या आतूनही बोलतो. मला विचारतो, काटेबाई, सायकलवाले फुकट झोपणार मग तुम्ही ओरडणार कोणावर? मी म्हटलं, तू आहेस ना.

बारकीने सगळं काट्याच्या खड्ड्यावर बेतलंय. प्लॅटफॉर्मखाली माणूसभर खोल काँक्रीटचा खड्डा आहे, त्याच्या भिंती ट्रक पेलायला बांधलेल्या. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे तिकोनी सांगाडे, खांबांवर बसवल्या, आणि प्रत्येक कैचीपासून तारेचा जाड दोर खाली खड्ड्याच्या भिंतीत रोवलेल्या कड्याला. आज खड्ड्यात उतरून बघितलं. कित्येक वर्षांनी उतरले. वर बघितलं तर सगळे दोर माझ्या डोक्यावरून तिरपे वर गेलेले, ताणलेले. मी एकाला बोट लावलं. तो वाजला. खालून वरपर्यंत.

ज्याने जन्मभर वजन उचलून धरलं तेच आता छपराला खाली धरून ठेवणार. मी वर आले तेव्हा वेल्डर म्हणाला, काय बाई, देव दिसला का खाली? मी म्हटलं, मास्क नीट लाव, डोळे जातील.

२४ मार्च

पत्रे चढले. लांब, सखल, डोंगराच्या रंगाचं दिसतं. लांबून बघितलं तर खिंडीत कोणीतरी वाकून चुलीशी बसल्यासारखं.

बारकी सकाळ-संध्याकाळ पाना घेऊन प्रत्येक बोल्ट आवळते. आवळलेला असतोच. तरी. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चहा घ्यायला केबिनमध्ये येते ती छपराखालून येत नाही. सबंध वळसा घालून, दगडांतून, बाहेरून येते. खालून चार पावलांत आली असती. काम असेल तेव्हा आत जाते, शिडीवर चढते, तेव्हा काही होत नाही. काम संपलं की लगेच बाहेर.

पुढच्या महिन्यात खिंडीत वारा सुटतो. असा वळसा घालून तिची भीती थोडीच जाणार आहे? उद्या ती गाद्या आणायला शहरात जातेय. मी एक उपाय काढलाय.

२५ मार्च

काट्याची तपासणी करायची वीस-वीस किलोची लोखंडी वजनं माझ्याकडे पडून आहेत, हातभर उंच ढीग. वेल्डरला आणि त्याच्या भावाला धरून सगळी छपरावर चढवली. कडेकडेने ओळीने मांडली, पत्र्याच्या खाचेत नीट बसवली. कागदाची पट्टी उडते कारण कागद हलका असतो. आता येऊ दे म्हणावं वाऱ्याला.

वेल्डर म्हणत होता, बारकीताईंना विचारलं का. मी म्हटलं, ताईला झोप लागावी म्हणूनच करतेय.

२६ मार्च

चुकलं.

बारकी गाद्यांची गाडी घेऊन आली, उतरली, वर बघितलं. मला वाटलं हसेल. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, तुझाही भरवसा नाही ना."

मी म्हटलं, अगं, भरवसा आहे म्हणून तर. तिने मला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि वर बोट दाखवलं. एवढंच म्हणाली की वाऱ्याने पत्रा हादरतो, हादरला की सुटं वजन घसरतं, घसरलं की कडेवरून खाली पडतं, आणि कडेखाली माणसं आपल्या सायकली आत घेत उभी असतात.

मी वर बघितलं. माझी सगळी वजनं ओळीने बसली होती आणि मी त्यांच्या खाली.

ती बॅग भरायला लागली. आवाज नाही, आदळआपट नाही. आदळआपट केली असती तर मी दोन शब्द बोलू शकले असते. भावाला फोन केला नाही. काय सांगू?

२८ मार्च

काल पहाटे वेल्डरला बोलावलं आणि वजनं उतरवली. मी स्वतः शिडीवर उभी राहून एकेक त्याच्या हातात देत होते. गुडघे अजून बोलतायत. वेल्डर म्हणाला, काटेबाई, चढवायची मजुरी, उतरवायची मजुरी, धंदा चांगला आहे, असंच चालू द्या.

मग माझी खाट केबिनमधून ओढत छपराखाली नेली. बारकीला काही सांगितलं नाही, पण खाटेचे पाय फरशीवर खरखरतील अशी ओढली. ती गाडीतून बघत होती. गाडी भरलेली, किल्ली लावलेली.

रात्री मी छपराखाली झोपले. घोरले असणार.

सकाळी ती नळाशी तोंड धूत होती. म्हणाली, वारा येऊन जाईपर्यंत थांबते, दोर एकदा वाऱ्यात बघायला हवेत. मी बरं म्हटलं आणि चहात साखर घालायची विसरले. तिने तसाच प्यायला.

९ एप्रिल

आजपासून निवारा उघडला. म्हणजे दिवा लावला, उघडायला दार नाहीच.

सकाळी खिंडीखाली ढग भरलेले. पांढरं, सपाट, दूध उतू जाऊन थांबावं तसं. मी दात घासत होते. त्या ढगातून एक हेल्मेट वर आलं. मग खांदे. मग सायकल. मग मागून दुसरं, तिसरं. खाली रस्ता नाही, काही नाही, ढगातून माणसं वर येतायत, आणि आवाज नुसता श्वासांचा. माझ्या तोंडात फेस तसाच राहिला.

पहिला वर आला, काट्यावर सायकल आणली, भिंतीला टेकला आणि खाली बसला. हेल्मेट काढलं, आणि नुसता बघत राहिला समोर. मी चहा दिला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी घेतला. मी त्याला तसंच बसू दिलं. मी, जिने आयुष्यभर लोकांना पुढे घ्या, पुढे घ्या केलं.

बारकी लांबून, दगडांतून बघत होती.

१९ एप्रिल

वारा. लिहायला सकाळी बसले होते, आता संध्याकाळ झाली.

दुपारपर्यंत नेहमीसारखा होता. मग घाटातून असा आला की केबिनची खिडकी आत आली. मी वाऱ्यातली बाई आहे, पण असा मी दोनदाच बघितलाय. बाहेर गेले तर रस्त्यावर एक जण सायकल आडवी टाकून तिच्यावर पडून राहिलेला. बारकी माझ्या आधी धावली. दोघींनी त्याला आणि सायकलला आत घेतलं. मग आणखी दोघे, हातात हात धरून. मग एक बाप आणि मुलगी. मग नर्सबाई, पायी, सायकल खांद्याला आडवी लावून ढालीसारखी. पलीकडून परत येत होती. म्हणाली, मी म्हटलं काटेबाईंकडे सूप मिळतं का बघू. मी म्हटलं, मिळतं, पण खिडकी गेलीय.

जो आला त्याने भिंतीच्या आत पाऊल टाकलं आणि थांबला. कारण आत वारा नव्हता. भिंतीपलीकडे जग फाटत होतं आणि आत दिव्याची ज्योत सरळ उभी. मी स्वतः दहा वेळा आत-बाहेर केलं, दर वेळी तेच. एक पाऊल, आणि शांत.

छप्पर बोलायला लागलं. थडथड नव्हती. एकच लांब सूर, दोरांचा आणि पत्र्याचा मिळून. भरलेला ट्रक काट्यावर चढताना खालून असा आवाज यायचा, हा वरून येत होता. सगळ्यांनी एकदा वर बघितलं. मग बाप मुलीचे पायमोजे काढायला लागला.

बारकी आत नव्हती. शोधलं तर बाहेर, कोपऱ्यावरच्या दोराला दोन्ही हातांनी धरून उभी, डोळ्यांत धूळ.

"आत चल," मी म्हटलं.

"दोर बघतेय."

"दोर कुठे पळून जाणार आहे?"

 मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आत्या, तेव्हा मी तिथे नव्हते. तो म्हातारा पडला तेव्हा मी घरी जेवत होते."

  मी तिचा हात दोरावरून सोडवायला गेले, सुटला नाही. 

मी म्हटलं, "बारके, आत सगळ्यांनी बूट काढलेत."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"नर्सबाईने सगळ्यांना सांगितलंय छप्पर कोणी केलं ते. ते ऐकून त्यांनी बूट काढले, पाइपावर वाळत घातले. पळायच्या तयारीत कोणी नाही. तू एकटी बूट घालून उभी आहेस."

तिने दोर सोडला. एकेक बोट. मग आत आली, वाकून, जसं काही दार ठेंगणं आहे. छप्पर तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होतं. खांबाला पाठ लावून बसली. नर्सबाईने काही न विचारता तिच्या बुटाच्या नाड्या सोडवल्या, आजाऱ्याच्या सोडवतात तशा, आणि बूट पाइपावर नेऊन ठेवले. वाडगा हातात दिला. बारकी वर बघत सूप प्यायली.

वारा अजून आहे. सूर चालू आहे. मी आता पडते. मला झोप येतेय हे खरं सांगते, कोणाला काही वाटो.

२० एप्रिल

पडल्या पडल्या झोपले आणि उजाडल्यावर उठले. वारा गेला होता. पहिल्यांदा कळलंच नाही काय कमी आहे. मग कळलं, छप्पर गप्प आहे. आणि आहे. सगळं जिथल्या तिथे. वरून उजेड पत्र्याच्या कडेने आत येत होता आणि ओट्यांवर माणसं झोपलेली, हात चाकांवर, तोंडं उघडी. कोणाचीच कोणाशी ओळख नाही आणि सगळ्यांचे श्वास एका चालीत. मी खाटेवर बसून राहिले. असं मी कधी बघितलं नव्हतं. लोक माझ्यासमोर रात्रंदिवस आले, पण जागे, घाईत, तोंडाने शिव्या. माणूस परक्या जागी इतका निर्धास्त पडून राहतो हे मला माहीत नव्हतं.

बारकी खांबापाशी नव्हती. मी आधी गाडीकडे बघितलं. मग दिसली. मधल्या ओट्यावर, बरोबर छपराच्या मध्याखाली, उताणी, तोंड वर, एक हात ओट्यावरून खाली लोंबतोय. झोपलेली. ही पोरगी मी लहानपणी झोपलेली बघितली होती, तशीच.

मग एकेक जण उठले. मी चहा झाला म्हणून हाक मारणार होते, नर्सबाईने ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं. बाप आणि मुलीने बूट हातात घेतले, घातले नाहीत. चाकं फिरली की सायकल टकटक करते, म्हणून एकानेही सायकल ढकलली नाही. प्रत्येकाने उचलली, बॅगांसकट, छातीशी धरली आणि नुसत्या मोज्यांवर थंड प्लॅटफॉर्मवरून चालत बाहेर गेला. ओळीने. बारकीच्या ओट्यापाशी आले की पाऊल आणखी हळू. ती छोटी मुलगी श्वास धरून गेली, गाल फुगवून. रस्त्यावर दूर जाऊन सगळे खाली बसले आणि बूट घातले. मग हात वर करून उतारावरून गेले. आवाज आला नाही मला.

काट्यावर एवढं हलकं काही कधी चाललं नव्हतं.

चहा दोनदा गरम केला. ऊन ओट्यापर्यंत आलंय, ती कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. मी बाहेर दगडावर बसून लिहितेय.

आत्ता भावाचा फोन आला. बातम्यांत वारा बघितला होता, एका दमात दहा प्रश्न. मी हळू बोलत होते तर म्हणाला, घसा बसलाय का. मी म्हटलं, बारकी झोपलीय. म्हणाला, गाडीत? मी म्हटलं, नाही, छपराखाली. तिच्या.

पलीकडून काहीच नाही. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. वाऱ्यानंतर इथली लाइन जातेच. जरा वेळ कानाला धरला आणि ठेवून दिला.